संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवायचा?

कायदा आणि सामाजिक न्याय या विषयांवर मिळून काम करणारे संशोधन गट आता बऱ्याच विद्यापीठांत उभे राहिले आहेत. कायद्याचे प्राध्यापक, समाजशास्त्राचे अभ्यासक, आकडेवारी हाताळणारं कोणीतरी आणि पीएच.डी. करणारी काही मुलं एका प्रकल्पाभोवती जमतात, निधी मिळवतात, पाहणी करतात, अहवाल काढतात. असे गट हवेतच. पण त्यांच्या रचनेतच एक खोट आहे, आणि ती दुरुस्त न करता नुसते गट वाढवत नेण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्यावरच्या अन्यायाचा अभ्यास करायचा, ती माणसं या गटांत मुलाखत देण्यापुरती येतात. अभ्यासाचा प्रश्न ठरतो तेव्हा त्यांना कोणी विचारलेलं नसतं. निधीचा अर्ज मंजूर झाला, प्रश्नावली छापून आली, की मग त्यांच्या दारात जायचं, हा क्रमच उलटा आहे.

आधी हे गट का हवेत ते पाहू. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिच्याच नावाने तो खटला ओळखला जातो. ते नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणजे संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात अडकलेल्या गरीब मुलीपुढे नाही म्हणण्याची सोय तरी किती असते, भीतीने गप्प राहणं आणि राजी होणं यांत काही फरक आहे की नाही, असं त्यांनी विचारलं.

खटल्याच्या फाईलमध्ये पंचनामा असतो, वैद्यकीय तपासणीचा अहवाल असतो, जबाब असतात. खाकी वर्दीचा दरारा त्यातल्या कुठल्याच कागदावर नोंदलेला नसतो. तो समजायला जात, गरिबी, गावातलं पोलिसांचं वजन यांची जाण लागते, आणि ती कायद्याच्या पुस्तकाबाहेरून येते. पत्रानंतर १९८० मध्ये महिला संघटना रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने ८४वा अहवाल दिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीने न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, अशी तरतूद आली. नुसत्या पत्राने हे झालं नसतं. पण पत्राशिवाय मोर्चाच्या हाती नेमका कायदेशीर मुद्दाही आला नसता.

अलीकडचं उदाहरण दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचं. तिथल्या गटाने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांचा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये अहवाल काढला. कायद्याचे विद्यार्थी तुरुंगांत गेले, कैद्यांच्या घरी गेले. ३७३ कैद्यांची माहिती या मुलाखतींतून जमली. चारांतले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले. आपली बाजू मांडणाऱ्या वकिलाचं नावही कित्येकांना ठाऊक नव्हतं. ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी, असं निकालपत्रं १९८० पासून सांगत आली आहेत. फाशीच्या रांगेत प्रत्यक्षात कोण उभं आहे, हे ती हजारो निकालपत्रं वाचूनही कळलं नसतं.

तर अशा कामाची गरज आहे, याबद्दल वाद नको. वाद पुढे आहे.

कायदा आणि समाजशास्त्र यांची सांगड घालण्याच्या प्रयत्नांत १९०८ सालचं एक निवेदन फार मानाने सांगितलं जातं. अमेरिकेत ओरेगन राज्याने लाँड्र्या आणि कारखान्यांत बायकांना दिवसाला दहा तासांहून जास्त राबवायला बंदी केली होती. तीनच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने बेकरी कामगारांच्या तासांवर मर्यादा घालणारा न्यूयॉर्कचा कायदा उडवून लावला होता, त्यामुळे ओरेगनचाही टिकणं अवघड होतं. वकील लुई ब्रँडाइस यांनी राज्याच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात शंभराहून जास्त पानांचं निवेदन दाखल केलं. त्यात निव्वळ कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा. बाकी सगळे कारखाना निरीक्षकांचे अहवाल, डॉक्टरांची मतं, युरोपातल्या चौकशी समित्यांचे उतारे. हे साहित्य समाजसुधारक जोसेफिन गोल्डमार्क यांनी सहकारी बायकांना हाताशी धरून जमवलं. निवेदन मात्र आजही ब्रँडाइस यांच्याच नावाने ओळखलं जातं, आणि श्रेयाची ही वाटणी अजून फारशी बदललेली नाही.

खटला जिंकला. पण कशाच्या बळावर, ते पाहिलं पाहिजे. स्त्रीचं शरीर मुळात दुबळं, तिच्यावर मातृत्वाची जबाबदारी, म्हणून राज्याने तिला जपायचं, असं न्यायालय म्हणालं. निवेदनातले डॉक्टर आणि निरीक्षक तेच तर सांगत होते. मग न्यूयॉर्कच्या मोठ्या शहरांत बायकांनी उपाहारगृहांत रात्रपाळी करू नये असा कायदा झाला, आणि १९२४ मध्ये तोही त्याच न्यायालयाने नाजूक प्रकृतीचं कारण देऊन उचलून धरला. रात्रीचं काम ज्या बायकांना सोयीचं होतं, त्यांची वाट त्यांच्याच भल्याच्या नावाखाली बंद झाली. कपडे धुऊन, इस्त्री करून हात भाजून घेणाऱ्या बायकांना आधी विचारलं असतं, तर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असतं असं नाही. पण ‘आमचे तास कमी करा, पुरुषांचेही करा, आणि आम्ही दुबळ्या आहोत असं मात्र कुठे लिहू नका’ असं म्हणणारी एक तरी नक्की निघाली असती. ते वाक्य निवेदनात आलं असतं तर पुढचा युक्तिवाद वेगळ्या पायावर उभा राहिला असता. म्हणूनच लोकांना प्रश्न ठरवण्यात घेणं ही नुसत्या सौजन्याची बाब नाही. त्यांना वगळून केलेलं संशोधन चुकतं, आणि न्यायालयात जिंकलं तरी चुकतं.

कधी प्रश्न लोकांचाच असतो आणि तो त्यांच्या पाठीमागे बदलला जातो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या खोल दरीच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीत मधुमेह फार पसरला होता. त्याचं कारण शोधायला मदत करा, असं त्या लोकांनीच एका ओळखीच्या मानववंशशास्त्रज्ञाला सांगितलं. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या, जवळच्या नात्यातल्या संततीच्या आणि जमातीचं मूळ कुठलं याच्या अभ्यासाला वापरले गेले. शेवटचा विषय तर थेट त्यांच्या श्रद्धेला भिडणारा, कारण आपला उगम याच दरीत झाला असं ते मानतात. २००३ मध्ये त्या विद्यापीठात एका प्रबंधाचं सादरीकरण चालू असताना जमातीतली एक तरुणी श्रोत्यांत बसली होती. तिने उठून विचारलं, या रक्तासाठी तुम्ही आमची परवानगी घेतली होती का? प्रकरण न्यायालयात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

संमतीपत्रावर सह्या होत्या, हे इथे विसरता येत नाही. मजकूर इतका सैल होता की त्यात बरंच काही बसवता आलं असतं. सही आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं मानणारा वकील गटात असून उपयोग नाही. आणि ज्याला सहीचा कायदेशीर अर्थच कळत नाही असा समाजशास्त्रज्ञही तितकाच धोक्याचा. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या एका प्रकल्पात हे दुसरं टोक दिसलं. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावं की आयर्लंडमध्ये जावं, यावरून झालेल्या संघर्षात हत्यार हाती घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या आठवणी २००१ ते २००६ या काळात ध्वनिमुद्रित झाल्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे कोणाच्या हाती पडणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांसाठी ब्रिटनने अमेरिकेबरोबरच्या कराराचा आधार घेऊन टेप मागवल्या. संशोधकांनी गुप्ततेचा दावा केला, तो टिकला नाही, आणि काही मुलाखती पोलिसांकडे गेल्या. प्रकल्पाच्या संचालकाशी झालेल्या करारात ‘अमेरिकी कायदा देईल तितकीच’ गुप्ततेची हमी होती. मुलाखत देणाऱ्यांनी ज्या कागदावर सही केली, त्यावर ती मर्यादा लिहिलेलीच नव्हती. ती एक ओळ असती तर कित्येकांनी तोंड उघडलं नसतं, आणि तो त्यांचा हक्क होता.

कायदा आणि सामाजिक न्यायावरच्या गटांना हा धोका सतत असतो. बेकायदा वस्तीत राहणारे, पोलिसांनी मारलेले, कागदपत्रांशिवाय कामाला आलेले, घरातल्या हिंसेपासून पळालेले, असे लोक त्यांच्याशी बोलतात. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं, संशोधक आणि मुलाखत देणारा यांच्यातल्या बोलण्याला सहसा नसतं. हे पहिल्याच दिवशी साध्या भाषेत सांगणं हे गटातल्या कायद्याच्या माणसाचं पहिलं काम. निकालपत्रांचे उतारे काढणं नंतरचं.

मग प्रश्न लोकांसोबत ठरवायचा म्हणजे करायचं काय? याचं मला सर्वांत नीट दिसलेलं उत्तर विद्यापीठाबाहेरचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहानशा गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि तिच्या जोडीला अभ्यासगट चालतो. वनकायदा काय म्हणतो, नोंदी कुठे असतात, बांबू कोण आणि कशाच्या आधारावर तोडतं, हे अभ्यासगटात वाचलं-बोललं जातं. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा अभ्यासक आणि देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले जाणते तिथे एकत्र बसले. पण अभ्यासगट ठराव करत नाही. ठराव ग्रामसभेत होतो, आणि तिथे अभ्यासकाचं मत शेवटचं नसतं. या सवयीची जमीन तयार होती म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गावाला त्याचा उपयोग करता आला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा, आणि तो वन खात्याच्या हातात. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून, म्हणजे ज्यावर गावाचा हक्क असतो अशा जंगलातल्या उत्पादनांत, स्पष्ट लिहिलेला असताना खातं अडून बसलं. गावाने तो मुद्दा सोडला नाही, आणि २०११ मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

विद्यापीठातल्या जाणकारांनी वनहक्कावर लिहिलेले चांगले लेख मी वाचले आहेत, आणि त्यांची किंमत कमी करायची नाही. पण परवान्याचं पुस्तक कोणाच्या हातात, यावर सगळं अडलं आहे, हे गावाला दिसलं. बांबू तोडून तो विकता येत नाही तेव्हाच तो प्रश्न सुचतो. अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवायचे, अभ्यासात सगळे बरोबरीचे आणि निर्णय ज्यांचं जगणं त्यांचा, ही मांडणी विद्यापीठांनी जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिच्यातलं तत्त्व मात्र नक्की घेता येईल.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला तटस्थतेचा: पीडितांनाच प्रश्न ठरवू दिला तर संशोधनाची वकिली होईल. मला हा आक्षेप कच्चा वाटतो. सरकारी खात्याच्या निधीतून खात्याने आखून दिलेल्या विषयावर पाहणी होते, तेव्हा तटस्थतेची एवढी काळजी कोणाला वाटत नाही. प्रश्न कोणीतरी ठरवतंच. पद्धत चोख ठेवायची, नमुना नीट निवडायचा, विरोधी पुरावा लपवायचा नाही, ही बंधनं प्रश्न कोणाचाही असला तरी तशीच राहतात.

दुसरा आक्षेप निष्कर्षांचा. अभ्यासातून लोकांना न आवडणारं काही निघालं तर? इथे मी विद्यापीठाच्या बाजूने आहे. प्रश्न ठरवण्यात वाटा असणं म्हणजे निष्कर्ष दाबण्याचा अधिकार नव्हे. पण हे सुरुवातीलाच बोलून लिहून ठेवावं. छापण्याआधी मसुदा लोकांना वाचायला किंवा वाचून दाखवायला द्यायचा. त्यांची हरकत असेल तर ती त्याच अहवालात, त्यांच्या शब्दांत छापायची. दक्षिण आफ्रिकेतल्या सॅन या आदिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. तिच्यात आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी यांच्या जोडीला ठरलेल्या प्रक्रियेचाही आग्रह आहे. शतकभर ज्यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली, त्यांनी अभ्यासच नको असं म्हटलं नाही. नीट विचारून या, एवढंच मागितलं.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. ‘लोक’ म्हणजे कोण? वस्तीत पुढारी असतात, दादा असतात. जातपंचायत असते. बैठकीला बोलावलं की पुरुष पुढे येतात, बायका दाराशी उभ्या राहतात, आणि त्यांच्यातलीही खालच्या मानल्या गेलेल्या जातीची बाई दारापर्यंतही येत नाही. संघटनेच्या कार्यकर्त्याला विचारलं म्हणजे समाजाला विचारलं, असं मानणारे गट एका अन्यायाचा अभ्यास करताना दुसऱ्यावर शिक्कामोर्तब करतात. यावर सोपा उपाय नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, छोट्या छोट्या गटांत बसावं लागतं. कोण बोललं नाही याची नोंद ठेवावी लागते. ही समाजशास्त्राची जुनी कसब आहे, आणि गटात त्या शाखेची माणसं असण्याचं खरं कारण हेच. पण या अडचणीचा निष्कर्ष ‘म्हणून आम्हीच ठरवतो’ असा काढला जातो, तो मला मान्य नाही. समाजात उतरंड आहे, तशी विद्यापीठातही आहेच. तिथल्या बैठकीत संशोधन साहाय्यक मुलगी किती वेळा तोंड उघडते ते बघावं.

आणि खरी अडवणूक होते ती विद्यापीठाच्या नियमांतच. पीएच.डी.चा प्रबंध एकट्याचा असावा लागतो. पदोन्नतीला पेपर मोजले जातात, आणि पहिल्या नावाचं वजन जास्त. वस्तीतल्या लोकांसोबत तयार केलेली माहितीपत्रिका, न्यायालयात दाखल झालेलं प्रतिज्ञापत्र, आयोगापुढे दिलेली साक्ष यांना गुण जवळजवळ नाहीतच. निधी दोन-तीन वर्षांचा, त्यामुळे माणसांशी ओळख होऊन विश्वास बसायला लागतो तोवर प्रकल्प संपत आलेला असतो. नैतिकता समिती संमतीपत्राचा नमुना तपासते, पण मुलाखती पाच वर्षांनी कोणाच्या संगणकावर असतील, हे विचारत नाही. अशा व्यवस्थेत तरुण अध्यापकाने लोकांसोबत सावकाश काम करावं अशी अपेक्षा धरणं म्हणजे त्याला स्वतःच्या नोकरीशी जुगार खेळायला सांगणं. ही जबाबदारी व्यक्तीच्या चांगुलपणावर ढकलून चालणार नाही, नियम बदलावे लागतील.

माहितीच्या मालकीपासून सुरुवात करता येईल. मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि उतारे यांची एक प्रत लोकांनी सांगितलेल्या जागी ठेवावी. नव्या कामासाठी ती माहिती वापरायची तर नव्याने विचारावं, आणि कोणाला आपलं बोलणं मागे घ्यायचं असेल तर ते कधीपर्यंत आणि कसं घेता येईल, हे पहिल्या भेटीतच सांगावं. वस्तीतली जी माणसं पाहणी करतात, दारोदार घेऊन जातात, बोली समजावतात, त्यांना संशोधन साहाय्यकाच्या दराने पैसे द्यावेत आणि त्यांची इच्छा असेल तर लेखक म्हणून नाव द्यावं. आभाराच्या पानावरची ओळ पुरेशी नाही. त्यांचा दिवस बुडतो आणि संशोधकाचा पगार चालू राहतो, हा फरक सामाजिक न्यायावर काम करणाऱ्यांना तरी दिसायला हवा.

निधी देणाऱ्या समित्यांकडे माझी मागणी आणखी थेट आहे. तयार प्रश्न घेऊन येणाऱ्या अर्जाला पूर्ण रक्कम एकदम मंजूर करू नका. पहिल्या चार-सहा महिन्यांचा पैसा निव्वळ प्रश्न ठरवण्यासाठी द्या: प्रवासाला, बैठकांना, लोकांच्या बुडालेल्या रोजाला. त्या मुदतीच्या शेवटी गटाने प्रश्न मांडावा आणि तो कोणाशी बोलून, कोणत्या मतभेदांतून तिथवर आला तेही लिहावं. मग पुढची रक्कम द्या. आणि त्या काळात लोकांनी सांगितलं की आम्हाला हा अभ्यास नको, आम्हाला वकील हवा आहे, तर उरलेल्या निधीतून विद्यापीठाच्या विधी साहाय्य केंद्राला तो वकील देता यावा, आणि संशोधकाच्या सेवापुस्तकात ते अपयश म्हणून लागू नये.